खालच्या आळीचा नळ

उन्हाळा लागला की गावात पाणी एक दिवसाआड यायचं. त्या वर्षी ते तीन दिवसांनी यायला लागलं, आणि खालच्या आळीतली भांडणंसुद्धा थंडावली. भांडायलाही घसा ओला लागतो.

आळीला नळ एकच. तोही वर, आळीच्या तोंडाशी. तिथून पुढे खडक, आणि त्या खडकावर घरं उताराने खाली खाली गेलेली. रिकामा हंडा घेऊन चढायचं आणि भरलेला घेऊन उतरायचं. ज्यांनी जन्मात पाणी वाहिलं नाही त्यांना वाटतं, बरं आहे की, ओझं असताना उतार आहे. त्यांनी एकदा उतरून बघावं. चढताना दम जातो, तो बसलं की परत येतो. उतरताना गुडघे जातात, ते परत येत नाहीत.

काकीचा उजवा गुडघा असाच गेला होता. आळीत लहानथोर सगळे तिला काकीच म्हणायचे. सकाळी पाणी, मग दिवसभर भाजीच्या मळ्यात खुरपणं, संध्याकाळी पुन्हा चूल. खुरपताना डावा पाय दुमडून उजवा लांब सोडून बसायची, म्हणून मळेवाला तिला ‘लंगडं यंत्र’ म्हणायचा. ती हसायची. न हसून सांगते कोणाला?

तिचा नवरा नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचा आणि रस्त्यातल्या खड्ड्यांत वाकून एकेका भागाचं पाणी उघडत जायचा. सगळा गाव त्याला चावीवाला म्हणायचा. चौदा वर्षं झाली होती, आणि अजून रोजंदारीवर होता. कामावर गेला तर मजुरी, ताप आला तर काही नाही. दर वर्षी कायम करायची यादी निघायची आणि दर वर्षी ती त्याच्या अलीकडे येऊन थांबायची.

पाणी सोडणाऱ्याची बायको हंडा घेऊन रांगेत उभी, याचं परक्यांना हसू यायचं. आळीला यायचं नाही. एकदा काकीचा हंडा कसा कोण जाणे दोन घरं पुढे सरकला होता, तर चावीवाल्याने सगळ्यांदेखत तो उचलून मागे ठेवला होता. माणूस सरळ होता. सरळ माणसाच्या घरात जे असतं तेच त्याच्या घरात होतं, म्हणजे फार काही नव्हतं.

घरात त्याची आई होती. दोन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि दोन्ही अंगांचं काम ती एकटी करत होती. म्हातारीला रोज दोन हंडे पाणी लागायचं. तेवढं मिळालं तर तिची पाठ कोरडी, स्वच्छ राहायची. नाही मिळालं की काकी ओल्या फडक्याने पुसून काढायची. तिसऱ्या दिवशी पाठीला वास यायचा, चौथ्या दिवशी कातडी लाल व्हायची. त्या उन्हाळ्यात माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम पडली होती.

“बघू नकोस तिकडे,” म्हातारी म्हणायची. “मी पण बघत नाही. जे दिसत नाही ते नाहीच म्हणायचं.”

अशात काकीला नगरपालिकेचा कागद आला.

नगरपालिकेच्या पाच सल्लागार समित्या होत्या. पाण्याची, रस्त्यांची, स्वच्छतेची, बागेची आणि बाजाराची. वर्षातून एकदा त्या भरायच्या. गेल्या वर्षी ठरवलेल्यातलं काय झालं ते वाचायचं आणि पुढच्या वर्षाची उद्दिष्टं ठरवायची. मग वर्षभर त्यांना कुणी विचारत नसे. पाणी समितीत खालच्या आळीची एक बाई असावी असा नियम होता. आधीची बाई लेकीकडे राहायला गेली, तेव्हा पाणीखात्याच्या साहेबांनी काकीला घ्यायला सांगितलं. आपल्याच माणसाची बायको, चहा पिऊन जाईल, असा त्यांचा अंदाज.

“उद्दिष्ट म्हणजे काय गं?” म्हातारीने विचारलं.

“वर्षभरात काय करायचं ते.”

“मग काम म्हणावं की सरळ.”

आळीतल्या बायकांना मात्र या कागदाचं अप्रूप वाटलं. नळाला पाणी यायची वाट बघत हंड्यांवर बसून त्यांनी आपली सभा भरवली. एक म्हणाली दिवा मागा, एक म्हणाली संडास मागा. समोरच्या घरातली शिंपीण काकीची जिवाभावाची. तिने सगळ्यांना गप्प केलं.

“दहा मागितली की एकही मिळत नाही. काकी, एकच सांग. पाइप आळीच्या आत, प्रत्येकाच्या दारापर्यंत. बाकी तोंडातून काढू नकोस.”

“गेल्या वर्षी आले होते की पाइप,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्याच हसल्या.

खरंच आले होते. काळेभोर, जाडजूड पाइप लॉरीतून उतरले आणि आळीच्या कडेने ओळीने मांडले गेले. दोन महिने ते तिथेच होते. पोरं त्यांवर घोडा घोडा खेळली, म्हाताऱ्यांनी त्यांवर बसून विड्या ओढल्या, काकीने त्यांवर धुणं वाळत घातलं. मग एक दिवस दुसरी लॉरी आली आणि पाइप वरच्या नव्या वसाहतीत घेऊन गेली. तिथलं काम तातडीचं होतं म्हणे, तुमचं मागून करू. ते मागून अजून आलं नव्हतं.

काकीने वाक्य पाठ केलं. खुरपताना, भांडी घासताना, म्हातारीला कुशीवर वळवताना ती पुटपुटायची, “खालच्या आळीत प्रत्येक दारापर्यंत पाण्याचा पाइप यावा, ही आमची मागणी आहे.” म्हातारीलाही ते पाठ झालं. काकी अडखळली की अंथरुणातून आवाज यायचा, “ही आमची मागणी आहे.”

सभेच्या दिवशी तिने मळ्यातली मजुरी बुडवली. शिंपिणीने आपली चांगली चप्पल दिली. ती एक बोट मोठी होती, म्हणून पालिकेचे जिने चढताना काकी पायाची बोटं आवळून चालत होती.

खोलीत लांबलचक टेबल, वर काच. प्रत्येकापुढे एक कागद, एक पेन आणि पाण्याची एक बाटली. बाटली बंद होती, आणि गार असल्यामुळे तिच्या अंगावरून थेंब ओघळत होते. काकीने आजूबाजूला पाहिलं आणि ती हळूच पिशवीत टाकली. म्हातारीला होईल. चिटणीस बाईंनी ते पाहिलं.

“घ्या हो, खुशाल घ्या. उरलेल्या पण देते जाताना,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या मनाने म्हणाल्या. काकीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

समितीत सात माणसं. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. कोपऱ्यात साहेब पाय पसरून बसले होते. चिटणीस बाई गेल्या वर्षीची उद्दिष्टं वाचू लागल्या. टाकी धुणे, पूर्ण. गळती शोधणे, प्रगतीत. त्या आणखी बरंच वाचत होत्या, पण काकीचं लक्ष नव्हतं. ती मनात आपलं वाक्य घोळवत होती. मध्येच विसरले तर, या धास्तीने तिला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

तिची पाळी आली. ती उभी राहिली. बसून बोललं तरी चालतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“खालच्या आळीत प्रत्येक दारापर्यंत पाण्याचा पाइप यावा, ही आमची मागणी आहे.”

एका दमात झालं. तिला स्वतःचंच बरं वाटलं. पण कुणी मान हलवली नाही. गुरुजींनी चष्म्यावरून चिटणीस बाईंकडे पाहिलं.

“ते झालेलं आहे,” बाई म्हणाल्या. “आत्ताच वाचलं मी. उद्दिष्ट क्रमांक चार, खालच्या आळीत पाइप. पूर्ण.”

“झालेलं पुन्हा मागता येत नाही, असा आपला नियम आहे,” गुरुजी समजुतीने म्हणाले.

“कुठे झालंय?” काकी म्हणाली.

बाईंनी फाइल उघडली, एक कागद काढला आणि काचेवरून तिच्याकडे सरकवला. काकी चौथीपर्यंत शिकलेली. ती बोट फिरवत वाचू लागली. सामान जागेवर पोचले. काम पूर्ण समजण्यात येत आहे. खाली, ‘जागेवरील कर्मचारी’ या शब्दांवर सही. ती सही वाचायची गरज नव्हती. शेवटच्या अक्षराची शेपटी कागद संपेपर्यंत ओढायची खोड साऱ्या गावात एकाच माणसाला होती.

साहेब उठले आणि म्हणाले, “गुरुजी, चहा घेऊ या का?”

व्हरांड्यात साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. हातात बशी नसलेला कप, आवाज अगदी घरचा.

“वहिनी, त्याचं असं आहे. सामान पोचलं की आम्ही काम पूर्ण धरतो. सगळीकडेच धरतात. वर्ष संपायच्या आत कागद जावा लागतो.”

“पण साहेब, पाइप नेले ना तिथून.”

“नेले. खरं आहे तुमचं. मग तसं लिहून द्या तुम्ही. पाइप नाहीत, सही खोटी आहे.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “चौकशी लागेल. चौकशी सही करणाऱ्यापासून सुरू होते. माझी सही त्याच्या सहीवर विसंबून केलेली, म्हणजे माझं काय जातंय? त्याची मात्र या खेपेला यादीत पहिली जागा आहे. सोमवारी यादी निघायची. चौदा वर्षांनी माणूस कायम होतोय, आणि त्याच सोमवारी त्याच्यावर चौकशी. बघा बुवा. मी काही म्हणत नाही.”

काही म्हणत नाही म्हणत सगळं म्हणून झालं होतं. काकीच्या हातातला चहा निवला, त्यावर साय धरली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मारणारा पुन्हा वहिनी म्हणत होता.

आत गेल्यावर गुरुजींनी विचारलं, “हं, खालच्या आळीबद्दल आणखी काही?”

म्हातारीची पाठ तिच्या डोळ्यांपुढे आली. शिंपिणीची चप्पल पायात होती. मग तिला नवरा दिसला, गेल्या पावसाळ्यात एकशे तीन ताप अंगात घेऊन, दिवस बुडू नये म्हणून चावीवर भार टाकत निघालेला.

“नाही,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

पण गोष्ट तिथे संपायची नव्हती. बाईंनी पुढचा कागद घेतला. या वर्षी सगळ्या नगरपालिकेचं मिळून एक मोठं उद्दिष्ट होतं, सार्वजनिक नळ बंद करणे. रस्त्यावरचे नळ गळतात, चिखल होतो, शहराला शोभत नाही. जिथे पाइप घरापर्यंत पोचले आहेत तिथले नळ काढायचे. बाईंनी पाच जागा वाचल्या. पाचवी होती खालची आळी.

काकीचं तोंड उघडलं. आणि उघडलं तसंच राहिलं. पाइप आहेत हे मघाशी गप्प बसून तिनेच मान्य केलं होतं. आता नळ ठेवा कुठल्या तोंडाने म्हणणार? तिला वाटलं, आपल्याला कुणी हाताला धरून विहिरीपाशी आणलं नाही, आपण आपल्या पायांनी चालत आलो.

“हात वर करा,” गुरुजी म्हणाले.

सहा हात वर गेले. गुरुजी पेन धरून थांबले. साहेब खिडकीबाहेर बघत होते. काकीने हात वर केला. खुरपं धरून धरून वाकडी झालेली बोटं तिला स्वतःलाच नको इतकी दिसली.

“सात. एकमताने,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी समितीचं अभिनंदन केलं.

निघताना चिटणीस बाईंनी चार बाटल्या तिच्या पिशवीत घातल्या. काकी नको म्हणाली नाही.

घरी चावीवाला आईला पाणी पाजत होता. काकीने पिशवी भिंतीशी ठेवली.

“पाइपांच्या कागदावर सही केलीत तुम्ही?”

“केली. पाइप आल्याची.”

“झाल्याची होती ती. काम झाल्याची.”

त्याने आईच्या तोंडाशी धरलेला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “क्लार्क नळापाशी आला होता. स्कूटरच्या सीटवर सगळे कागद मांडले. पाइप आले का म्हणाला. आले म्हटलं. आले नव्हते का? तूच त्यांवर कपडे वाळत घातलेस.”

“वाचायचं तरी!”

“चौदा वर्षांत मला कुणी कागद वाचायला दिलाय? सही करायला देतात. महिनाभराची हजेरीसुद्धा एक तारखेलाच करून घेतात. एकदा वाचायला लागलो तर म्हणाले, काय रे, वकील झालास का?”

तिने बाकीचंही सांगितलं. साहेबांचं, सोमवारचं, नळाचं. हात वर केल्याचं सांगताना तिचा आवाज चिरका झाला. चावीवाला उठून दारात गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्याने तिला बोल लावला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

“म्हणजे पोरगा कायम होणार,” म्हातारी अंथरुणातून म्हणाली. “आणि मी सडणार. होऊ दे. मी काही कायम नाही.”

काकी परसात जाऊन रडली. मग तोंड धुवायला हात लांब केला आणि पाणी नको वाया म्हणून तसाच मागे घेतला.

शिंपिणीने संध्याकाळी विचारलं. काकी म्हणाली, “मांडलं. बघू म्हणाले.” चप्पल पुसून परत दिली. शिंपीण खूश झाली. “तुझ्यासारखी बाई तिथे हवीच होती,” म्हणाली.

सोमवारी यादी लागली. चावीवाल्याचं नाव खरोखरच पहिलं होतं. आळीने त्याला मिठ्या मारल्या. पालिकेने दोन खाकी शर्ट दिले. तो ते घालून आरशासमोर उभा राहिला, तेव्हा काकीला हसू आलं आणि लगेच हसण्याची लाज वाटली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो एक दिवस अंग दुखतंय म्हणून घरी बसला. काकीने त्याला तेल लावून दिलं. तो एक दिवस चांगला गेला.

दहाव्या दिवशी त्याच्या हातात कागद आला. कायम झालेल्या माणसाला हुकूम लेखी मिळतो. खालच्या आळीच्या तोंडाशी असलेला सार्वजनिक नळ काढून पाइपाचं तोंड बंद करावं. या वेळी त्याने कागद दोनदा वाचला.

पाण्याचा वार होता. उजाडलं तशा बायका हंडे लावून उभ्या होत्या. काकी आपल्या पाळीने बरीच मागे होती. चावीवाला नवीन शर्टात आला. वरचं पाणी त्याने आधीच तोडलं होतं. हातात चावी नव्हती, पाना होता.

“दुरुस्ती का?” शिंपिणीने विचारलं.

“काढायचाय,” तो म्हणाला. “हुकूम आहे.”

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग एकदम गलका उठला. काढायचा म्हणजे? आणि पाणी? वरच्या वसाहतीतून आणायचं का? अर्ध्या कोसावरून? म्हातारीकोतारी माणसं काय करतील? तुझी आई काय करेल रे? चावीवाल्याने कुणाकडे न बघता पाना नळाला लावला. लावला, पण फिरवेना.

“गंजलाय,” तो म्हणाला.

तो नळ त्यानेच दोन महिन्यांपूर्वी नवा बसवला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या हनुवटीवरून घाम नव्या शर्टावर पडत होता. त्याने पाना खाली ठेवला.

“मी नाही काढत. साहेबांना सांगतो, दुसऱ्याला पाठवा. काय करायचं ते करा म्हणावं.”

बायकांचा जीव भांड्यात पडला. एकीने तर त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात मागून काकी पुढे आली, लंगडत, रिकामा हंडा कमरेवर तसाच. तिने खाली वाकून पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“काढा.”

“अगं, पण...”

“काढा म्हणते. काढायचा नव्हता तर त्या दिवशी मी सभेत गप्प कशाला बसले? हात कशाला वर केला?”

ती हळूच बोलली होती. पण आळीचा श्वास रोखलेला होता, त्यामुळे खालच्या घरांपर्यंत ऐकू गेलं. चावीवाला तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने पाना लावला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. नळ तिसऱ्या हिसड्याला सुटला.

पाइपात अडकलेलं पाणी भळभळ बाहेर आलं. सवयीने हंडे पुढे सरकले. पहिलीचा भरला, दुसरीचा भरला. तिसरी शिंपीण होती. तिचा हंडा काठोकाठ भरला आणि धार बारीक होत होत तुटली. चावीवाल्याने पाइपाच्या तोंडावर टोपण बसवलं आणि ते आवळू लागला.

भरला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीचा हात लागतो. गेली वीस वर्षं शिंपिणीच्या हंड्याला काकीचा हात लागत होता, आणि काकीच्या हंड्याला तिचा. काकीने आपला रिकामा हंडा खाली ठेवला आणि हात लावायला वाकली.

शिंपिणीने तिच्या बोटांकडे पाहिलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू गप्पच बस.”

आणि एकटीनेच हिसका देऊन तिने हंडा कमरेवर घेतला, आणि पाणी सांडत उतार उतरू लागली.